धुराची खतावणी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आयुष्यभर सहकारी संस्थांचे हिशेब तपासत गावोगाव हिंडले, आणि त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षे उमेदवारी केली, एवढाच आज या व्यासपीठावर उभे राहण्याचा माझा अधिकार आहे. दूधसंस्था असो, विकास सोसायटी असो की एखादी लहानशी पतपेढी असो, दप्तर उघडल्याबरोबर ते प्रथम एकच गोष्ट पाहत: जे अद्याप हाती आलेले नाही, केवळ येणे आहे, ते कोणी जमेच्या बाजूस मांडून ठेवले आहे काय. अशी एक रक्कम जरी सापडली तरी ताळेबंदातील उरलेल्या आकड्यांवरचा त्यांचा विश्वास उडे, आणि मग ते पावत्यांच्या मूळ पुस्तकांपर्यंत जात, गोदाम उघडायला लावीत आणि पोती स्वतः मोजीत. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो त्यांच्या हयातीत आपल्याकडे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. परंतु त्याचा विचार करताना गोदामात ओणवून पोती मोजणारी त्यांची आकृती माझ्या डोळ्यांसमोरून हललेली नाही.

विषय असा. माझी मुलगी लंडनला असते. तिच्याकडे जाण्यासाठी विमानाचे तिकीट काढीत असताना अखेरीस एक चौकट दिसली: आणखी सुमारे पाचशे रुपये भरल्यास या प्रवासाने हवेत जाणाऱ्या कर्बवायूची पूर्ण भरपाई होईल आणि आपला प्रवास ‘कर्बतटस्थ’ ठरेल. मी ते पैसे भरले. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र आले. त्यावर ओंजळीत धरलेल्या रोपाचे चित्र होते आणि खाली ‘एक टन’ असा आकडा होता. मला बरे वाटले, हे मी मोकळेपणाने सांगतो; आणि ते बरे वाटणेच पुढे मला बोचू लागले, कारण इतक्या अल्प मोलात इतके समाधान मला आजवर कोणत्याच व्यवहारात मिळाले नव्हते. झाडे कोणत्या गावात लावली, कोणाच्या जमिनीत लावली, त्यांना पाणी कोण घालतो, हे मी पत्र पाठवून विचारले. उत्तर आले; त्यात गावाचे नाव नव्हते.

प्रथम त्या एका टनाचा अर्थ समजून घेऊ. मुंबईहून लंडनला जाऊन परत येणाऱ्या साध्या वर्गातील प्रवाशाच्या वाट्याला सुमारे एक टन कर्बवायू येतो. विमानामागे उंचावर उमटणाऱ्या ढगरेषांचा परिणाम धरला तर हा भार पुष्कळ वाढतो, पण तूर्त एक टनच धरू. घरगुती गॅसचे १४.२ किलोचे एक सिलिंडर जळून संपले म्हणजे सुमारे ४२ किलो कर्बवायू होतो. म्हणजे माझा तो एक प्रवास चोवीस सिलिंडरांच्या बरोबरीचा, आणि आमच्या दोन माणसांच्या घरात चोवीस सिलिंडरे संपायला तीन वर्षे लागतात. एका भारतीयाच्या वाट्याचे वर्षाचे उत्सर्जन, सरासरीने, दोन टनांच्या आसपास आहे. त्याच्या निम्मे मी वीस तासांच्या उड्डाणात संपवले. आता हाच टन लाकडात साठवायचा झाला तर वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा साधारण अर्धा भाग कर्ब असतो हे धरून हिशेब करावा लागतो, आणि तो केला की उत्तर येते ते असे: खोड, फांद्या व मुळे मिळून सुमारे साडेपाचशे किलो कोरडे लाकूड तयार झाले पाहिजे, आणि ते न जळता, न कुजता, न तुटता उभे राहिले पाहिजे. किती काळ? हवेत सोडलेल्या कर्बवायूचा बराचसा भाग काही शतकांत समुद्र व भूमी शोषून घेतात, परंतु त्याचा एक अंश हजारो वर्षे रेंगाळतो. इतका काळ उभे राहण्याची हमी कोणते झाड देईल, आणि त्या झाडाच्या वतीने कोणता माणूस देईल?

झाडे लावून धूर शोषून घ्यावा ही कल्पना मुळात क्षुद्र नव्हती. १९७७ साली फ्रीमन डायसन या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाने ती एका निबंधात मांडली तेव्हा त्याच्यासमोर होता तो आणीबाणीचा प्रसंग: हवेतील कर्बवायू धोक्याच्या पातळीला पोहोचलाच, तर मोठ्या प्रमाणावर वनस्पती वाढवून काही दशकांची सवड मिळवावी आणि तेवढ्या सवडीत कोळसा व तेल यांच्यावरचे अवलंबन सोडून द्यावे. सवड हा त्या कल्पनेचा प्राण होता. पुढे १९८८ च्या सुमारास एका अमेरिकन वीजकंपनीने कनेक्टिकट राज्यात उभारावयाच्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या उभ्या आयुष्याच्या धुराबदल्यात ग्वाटेमालातील शेतकऱ्यांकडून पाच कोटींहून अधिक झाडे लावून घेण्याची योजना आखली. इथे सवडीचा उद्देश गळाला आणि मोबदल्याचा उद्देश आला, कारण कोळसा सोडण्याकरिता ही झाडे नव्हती. कोळसा जाळता यावा म्हणून ती होती. १९९७ च्या क्योटो करारात या मोबदल्याला आंतरराष्ट्रीय सनद मिळाली, एका टनाला एक पतपत्र असा विनिमय ठरला, आणि त्याच सुमारास इंग्लंडात व्यक्तींना, लग्नसमारंभांना, गायकवृंदांना ही भरपाई विकणाऱ्या खाजगी पेढ्या निघाल्या.

त्यांपैकी एका व्यवहाराची हकिगत आपल्या शेजारच्याच राज्यात घडली. कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाने २००२ साली आपल्या नव्या ध्वनिमुद्रिकेच्या निर्मितीत व वितरणात झालेल्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून कर्नाटकात दहा हजार आंब्याची रोपे लावण्याचा खर्च उचलला, आणि त्यांच्या चाहत्यांनाही शुल्क देऊन एकेका झाडाशी आपले नाव जोडता येऊ लागले. जागा निवडली गेली ती बंगळुरूच्या उत्तरेकडील गुडीबंडे परिसराची, जिथे पावसाचा भरवसा नाही आणि उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीही ओढाताण असते. २००६ साली एका ब्रिटिश वृत्तपत्राचा प्रतिनिधी तिथे गेला तेव्हा त्याला आढळले की रोपांचा मोठा भाग वाळून गेला आहे; रोपे मिळाली, परंतु पाण्यासाठी, औषधफवारणीसाठी व मजुरीसाठी जे मिळायला हवे होते ते मिळाले नाही, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. त्याच वर्षी ‘कार्बन न्यूट्रल’ हा शब्दप्रयोग एका प्रतिष्ठित अमेरिकन कोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडला.

या हकिगतीत त्या गायकांना दोष देण्यात मला स्वारस्य नाही. त्यांनी सद्‍बुद्धीने पैसे दिले असे मी मानतो. मला अस्वस्थ करतो तो त्या व्यवहारातला तिसरा पक्ष. आंबा काय असतो हे आपल्याकडे कोणी सांगायला नको. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी जो मजकूर आहे त्यात आंबा आणि फणस यांना हात लावू नये असा स्पष्ट दंडक आहे, आणि त्याचे कारण दिले आहे ते असे की ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरांप्रमाणे दीर्घकाळ सांभाळलेली असतात, आणि ती तोडली तर त्या दुःखाला पार उरत नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या राजनीतीला झाडाचे मूल्य त्यामागच्या माणसाच्या वर्षांत मोजता येत होते. आजच्या भरपाईच्या व्यवहारात झाडाचे मूल्य टनांत मोजले जाते आणि माणसाची वर्षे कोठेच मांडली जात नाहीत. विचार करा: मी विमानात बसलो, माझ्या धुराबदल्यात गुडीबंड्यासारख्या एखाद्या गावच्या शेतकऱ्याने झाड जगवायचे आणि पुढची पन्नास वर्षे ते तोडायचे नाही. उद्या त्याच्या मुलीचे लग्न निघाले, किंवा विहीर आटली, किंवा आंब्याऐवजी डाळिंब लावावे असे त्याला वाटले आणि त्याने ते झाड विकले, तर त्यात त्याचा काडीचाही अपराध नाही; झाड त्याचे, जमीन त्याची. परंतु ते लाकूड जळले वा कुजले की माझा तो टन पुन्हा हवेत जातो. म्हणजे माझ्या प्रवासाला तो माणूस जामीन राहिलेला असतो, आणि बहुधा त्याला ते ठाऊकही नसते. आपल्याकडच्या सातबाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर त्याच्या जमिनीवर माझ्या नावाचा बोजा चढलेला असतो, ज्याची नोंद ‘इतर हक्का’त कोठेही सापडणार नाही. ज्याचे स्वतःचे वर्षाचे उत्सर्जन माझ्या एका प्रवासापेक्षाही कमी असेल, त्याच्याकडून मी ही जामीनकी पाचशे रुपयांत घेतली. हे जेव्हा मला उमगले तेव्हा त्या प्रमाणपत्राकडे पुन्हा पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

कोणी म्हणेल, झाडे सोडा. भरपाईचा पैसा पवनचक्क्यांना, धरणांना, कारखान्यांच्या सुधारणेला जातो त्याचे काय? तिथे दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो हिशेबनिसाच्या दृष्टीने अधिक अवघड आहे: हे काम माझ्या पैशावाचून झालेच नसते काय? जे होणारच होते त्याचे श्रेय विकत घेऊन त्याच्या जोरावर मी धूर सोडला तर हवेत एकंदर भरच पडते. साताऱ्याजवळच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारांवर फिरणाऱ्या पवनचक्क्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. देशात पवनऊर्जेचा विस्तार झाला त्यामागे एक मोठे कारण आयकराच्या तरतुदीत होते: यंत्राच्या किमतीचा बहुतेक भाग पहिल्याच वर्षी घसारा म्हणून वजा करता येत असे, आणि म्हणून नफ्यातल्या कंपन्यांना पवनचक्की हा करबचतीचा मार्ग झाला होता. महाराष्ट्रातील अनेक पवनऊर्जा-प्रकल्प पुढे क्योटोच्या यंत्रणेखाली नोंदवले गेले आणि त्यांची पतपत्रे परदेशात विकली गेली. ती चक्की घसाऱ्यासाठी उभी राहिली की पतपत्रासाठी, हे त्या मालकाच्या अंतरात्म्यालाच ठाऊक. दप्तरावरून ते सिद्ध करणे जवळजवळ अशक्य आहे. युरोपीय आयोगासाठी एका जर्मन संस्थेने २०१६ साली या यंत्रणेची छाननी केली तेव्हा तपासणीत आलेल्या प्रकल्पांपैकी ८५ टक्क्यांच्या बाबतीत त्यांची कपात खरोखर या पैशामुळेच झालेली आणि फुगवून न मांडलेली असण्याची शक्यता कमी असल्याचा निष्कर्ष निघाला.

अरण्यरक्षणाच्या प्रकल्पांची स्थितीही फारशी निराळी नाही. तिथे विकले जाते ते ‘न तुटलेले’ झाड, म्हणजे आमचा प्रकल्प नसता तर इतके जंगल तुटले असते असा अंदाज आधी बांधायचा आणि प्रत्यक्षात त्याहून कमी तुटले तर तो फरक शिल्लक म्हणून विकायचा. अंदाज जितका भयंकर तितकी शिल्लक मोठी. आणि अंदाज बांधणारा व शिल्लक विकणारा पुष्कळदा एकच. तीन खंडांतल्या सहा देशांमधील अशा २६ प्रकल्पांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. प्रकल्पांसारख्याच, पण प्रकल्पाबाहेरच्या, जंगलांशी तुलना करून अभ्यासकांनी दाखवले की अपेक्षित पतपत्रांपैकी केवळ सुमारे ६ टक्क्यांच्या मागे खरीखुरी कपात होती. शिवाय उभ्या जंगलाला वणव्याची भीती आहेच. २०२१ च्या जुलैत अमेरिकेच्या ओरेगन राज्यात चार लाख एकरांवर पसरलेल्या वणव्यात भरपाईसाठी नोंदवलेले जंगलही जळाले. येणे असलेली रक्कम जमेस धरू नये, हा आमच्या गुरुजींचा दंडक मला या आकड्यांपाशी आठवतो.

आता मी ज्या गोष्टीकडे वळतो ती कित्येकांना अप्रस्तुत वाटेल. मला ती या विषयाच्या मुळाशी जाणारी वाटते. पश्चिमेकडील टीकाकारांनी या भरपाईची तुलना मध्ययुगीन चर्चच्या पापमोचनपत्रांशी केली आहे. आपल्याला इतके दूर जायला नको. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताचा जो विस्तृत परामर्श घेतला आहे त्यात ‘प्रत्याम्नाय’ नावाची एक संकल्पना येते. प्रत्याम्नाय म्हणजे प्रायश्चित्ताचा पर्याय. प्राजापत्य कृच्छ्र हे बारा दिवसांचे व्रत: तीन दिवस केवळ सकाळी जेवायचे, तीन दिवस केवळ सायंकाळी, तीन दिवस न मागता मिळेल तेवढेच, आणि शेवटचे तीन दिवस उपोषण. ज्याला हे झेपत नाही त्याने एक गाय दान द्यावी. गाय नसेल तर तिचे मूल्य द्यावे. किंवा गायत्रीचा दहा हजार जप करावा. कालांतराने द्रव्य देण्याचा मार्गच अधिक रूढ झाला हे खरे, आणि धर्माच्या इतिहासात त्यामुळे किती पोकळपणा शिरला हेही आपल्याला ठाऊक आहे. परंतु मूळ रचना पाहा. पर्याय होता तो अशक्तासाठी. वृद्ध, बालक आणि रोगी यांना तर प्रायश्चित्तच निम्मे सांगितले होते. त्याआधी पाप विद्वानांच्या परिषदेपुढे स्वमुखाने सांगावे लागे. आणि ‘प्राय’ म्हणजे तप व ‘चित्त’ म्हणजे निश्चय अशी त्या शब्दाची जी फोड शास्त्रकारांनी केली तीत पुन्हा न करण्याचा निश्चय गृहीतच होता.

कर्बभरपाईने यातला केवळ पर्याय उचलला. शेगडीवर स्वयंपाक करणारी बाई भरपाई विकत घेत नाही. ती घेतो तो मी, ज्याला न जाणे शक्य आहे, कमी वेळा जाणे शक्य आहे, जाऊन अधिक दिवस राहणे शक्य आहे. शक्तांसाठी प्रत्याम्नाय ही कल्पना जुन्या धर्मशास्त्रकारांनाही विचित्र वाटली असती. निश्चयाचे तर नावच नाही; उलट पुढच्या वर्षी पुन्हा तिकीट काढताना तीच चौकट पुन्हा तयार असते, आणि ती आहे म्हणून तिकीट काढताना हात कमी अडखळतो. माझा स्वतःचा अनुभव असा की पैसे भरल्यावर मी त्या वर्षीच्या प्रवासाबद्दल विचार करणे थांबवले. मनाची ही थांबलेली टोचणी मला त्या टनापेक्षाही मोठी हानी वाटते.

मग भरपाई खरोखर करायचीच म्हटली तर तिचा भाव काय पडेल? आइसलँडमध्ये हेल्लिसहेइडी येथे सप्टेंबर २०२१ मध्ये एक यंत्रघर सुरू झाले. ते हवेतून कर्बवायू वेगळा काढते, पाण्यात विरघळवते आणि जमिनीखालच्या बेसॉल्ट खडकात सोडते. तिथे खडकातल्या कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन दोनएक वर्षांत त्याचा दगड होतो. आपल्या सह्याद्रीचा जो काळा कातळ, त्याच जातीचा तो खडक. इथे शेतकरी जामीन नाही, वणव्याची भीती नाही, अंदाजाची शिल्लक नाही. पोती मोजता येतात. आणि सामान्य ग्राहकाला या सेवेसाठी टनामागे मोजावी लागणारी रक्कम हजार डॉलरांच्या घरात आहे. मी भरले होते सुमारे सहा डॉलर. त्या यंत्रघराची आखलेली क्षमता वर्षाला ४,००० टन, आणि साऱ्या मानवजातीचे इंधनजन्य उत्सर्जन वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास. ज्या वस्तूचा खरा भाव हजार आहे ती सहाला मिळत असेल तर सहाला मिळणारी वस्तू दुसरीच काहीतरी आहे, एवढे समजण्यासाठी अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

न्यायालयेही आता या भाषेकडे बारकाईने पाहू लागली आहेत. मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम या विमानकंपनीच्या काही जाहिराती ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. वनीकरणाला पैसे दिल्याने उड्डाणाचा परिणाम कमी होतो असा भास निर्माण करणाऱ्या विधानांचा त्यांत समावेश होता. त्याच वर्षी युरोपीय संघाने जो निर्देश काढला त्यानुसार २७ सप्टेंबर २०२६ पासून, केवळ भरपाई विकत घेतल्याच्या आधारावर एखादी वस्तू कर्बतटस्थ आहे असे ग्राहकाला सांगण्यास मनाई ठरली आहे.

यावरून मी पैसे देऊ नका असे म्हणतो आहे असा समज होऊ नये. चुलीच्या धुराने काळवंडलेल्या स्वयंपाकघरात गोबरगॅस आला की त्या घरातल्या बाईचे डोळे आणि छाती वाचते; वाळणाऱ्या रोपाला टँकरचे पाणी मिळाले की ते जगते; जंगल राखणाऱ्या गावाला त्याचा हक्क आणि मजुरी मिळाली की जंगल टिकण्याची आशा वाढते. ही कामे उत्तम आहेत आणि त्यांना पैसा पाहिजे, मला वाटते आज मिळतो त्याहून पुष्कळ अधिक पाहिजे. माझी तक्रार या कामांविरुद्ध नाही, त्यांच्या पावतीविरुद्ध आहे. दान दिले की ते गेले. त्याच्या बदल्यात काही मागता येत नाही, म्हणूनच ते घेणाऱ्याच्या मानेवर बसत नाही. भरपाई दिली की घेणारा माझा देणेकरी होतो, आणि त्याने जपलेल्या झाडावर माझा हक्क सांगून मी पुन्हा विमानात बसतो. शेतकरी तोच, झाड तेच, पैसे तेवढेच. तरी त्या दोन व्यवहारांत जामीनकीचा फरक आहे.

माझ्यापुरती मी केलेली व्यवस्था सांगतो. ती कोणी अनुकरणीय मानावी असे नाही. मुलीकडे दरवर्षी महिनाभर जात असे, ते आता तीन वर्षांतून एकदा जातो आणि चार महिने राहतो. तिला प्रथम वाईट वाटले, आता नातवंडे मराठी अधिक बोलू लागली आहेत असे ती सांगते. माण तालुक्यातल्या माझ्या गावी शाळेच्या आवारात चिंचेची आणि कडुनिंबाची चाळीस रोपे आहेत. त्यांच्या उन्हाळ्यातल्या पाण्यासाठी आणि पाणी घालणाऱ्याच्या मजुरीसाठी मी दरसाल रक्कम पाठवतो, आणि झाडे सर्वस्वी गावाची आहेत, गावाने ती हवी तेव्हा तोडावीत, असे मी सरपंचांना लेखी कळवले आहे. यंदा मोजली तेव्हा सव्वीस जिवंत होती. गुरुजींनी दिलेल्या लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत मी दोन खाती उघडली आहेत. एकात प्रवासाचे टन नावे टाकलेले आहेत. दुसऱ्यात पाण्याचे आणि मजुरीचे रुपये खर्ची पडलेले आहेत. दोन्ही खाती निरनिराळ्या पानांवर आहेत, आणि पहिल्या खात्याची जमेची बाजू कोरी आहे.